धुक्याची परी आणि बाबांनी विणलेल्या वेली

आटपाट बेट होतं, त्याच्या पोटात आगीचा डोंगर होता. त्या बेटावर झांबेता नावाची विधवा आणि तिची चिमुरडी लेक लेमोनिया राहायच्या. माती तिथली राखेची, करडी. पाऊस नावाला. वारा तर असा मेला, की उभी वेल ओरबाडून नेईल! म्हणून तिथली माणसं द्राक्षाच्या वेली जमिनीलगत गोल गोल विणतात, अगदी टोपलीसारख्या. द्राक्षं आत लपतात नि पहाटेचं धुकं पिऊन वाढतात.

झांबेताच्या मळ्यात दर हिवाळ्याला लेमोनियाचे बाबा टोपल्या विणायचे. एकदा ते समुद्रावर गेले, ते परतलेच नाहीत. वेलींनाही मग द्राक्षं धरेनात.

शेजारचा स्ताथीकाका सांगून थकला. "झांबेते, वेली म्हाताऱ्या झाल्या. बुडाशी काप, मुळं जिती आहेत, नव्यानं फुटतील. नाहीतर त्या टोपल्यांत कोंबड्या तरी बसव!"

"ह्यांच्या हातची वीण आहे, भावोजी. करवत लावायची नाही."

एवढं बोलून ती टोपलीवर हात ठेवून बसायची. हसू नाही, रडू नाही. यंदाही विकायला द्राक्षांची वाइन झाली नाही, तर बेट सोडून परमुलखात लोकांची धुणीभांडी करायची पाळी होती.

एका पहाटे लेमोनिया आपल्या वाटचं वाटीभर पाणी घेऊन मळ्यात आली. बघते तर काय, टोपलीत एक इवलीशी परी! मोत्याच्या रंगाची, पण पंख वाळक्या पानासारखे चुरगळलेले.

"पाणी देतेस, बाळ?"

लेमोनियाचा स्वतःचा घसा कोरडा पडला होता. तरी तिनं सगळी वाटी पंखांवर ओतली. पंख गुलाबी, निळे, चंदेरी चमचमले.

"एक इच्छा माग, सोनुले. पण गेलेलं माणूस मागायचं नाही. आणि जे मागशील, त्याला तुझा हात लागायला हवा."

मागायचं होतं बाबांना, ते पहिलंच गेलं. मग 'द्राक्षं' म्हणणार, तोच तिला आई दिसली, वेलीपाशी दगडासारखी बसलेली.

"माझ्या आईला रडू येऊ दे," ती म्हणाली.

"रडू? अगं, लोक सोनं मागतात!"

"ती आतल्या आत सुकत चाललीय."

"मग जा. हात लाव."

लेमोनियानं आईच्या हातावर हात ठेवला मात्र, आईला हुंदका फुटला. टपोरे थेंब राखेत पडत राहिले. खूप वेळानं तिनं डोळे पुसले. "लेमोने, करवत आण गं."

आईनं आपल्या हातानं वेली कापल्या. जिथं जिथं आसवं जिरली होती, तिथं तिथं मुळांतून पोपटी कोंब सळसळत वर आले. आई ते विणू लागली, लेमोनियानं टोकं धरली. इतक्यात धुक्यातून ऊन उतरलं, आणि परी सोनेरी झगमगाटात विरून गेली.

उन्हाळा सरता सरता टोपल्या घडांनी गच्च भरल्या. मायलेकींनी द्राक्षं उन्हात वाळवली, पायांनी तुडवली. घरामागच्या गुहेतली पिंपं मधासारख्या वाइननं काठोकाठ भरली. मळा राहिला, घर राहिलं, आणि झांबेताच्या चुलीवर रोज दोन्ही वेळा रटरट हंडी शिजू लागली.