ठकीचे नऊ ठिपके

एकदा काय झालं, एका गावात ठकी नावाची मुलगी होती. तिला तीन भाऊ. थोरला गोंदा, मधला रायबा, धाकटा सोनबा. तिघंही भांडखोर! त्यातल्या त्यात सोनबा ठकीचा लाडका. रायबा मात्र तिच्याशी धड बोलायचासुद्धा नाही. इथेही आहे असा एकजण, मी नाव घेत नाही.

एक दिवस तिघं राक्षसिणीच्या बोरीवर चढले आणि तिथेच भांडायला लागले. राक्षसीण तडकली. म्हणाली, "कोंबड्यांसारखे भांडता? मग व्हा कोंबडे!" झालं! एक पांढरा झाला, एक तांबडा, एक काळा.

मग ठकी धावत आली. मागोमाग सगळा गाव आला. राक्षसीण म्हणाली, "कोणता कोण ते ओळख. एकदाच सांगायचं. चुकलीस तर जन्मभर कोंबडेच! तीन प्रश्न विचार, मी खरं तेच सांगेन." खोटं बोललं की राक्षसिणीचे केस गळतात, बरं का!

ठकी विचार करायला खाली बसली. इतक्यात पांढरा कोंबडा टुणकन तिच्या मांडीवर बसला. गाव ओरडला, "अगं, हाच तुझा सोनबा! सांगून टाक!" ठकीच्या अगदी ओठावर नाव आलं. पण आमची ठकी उतावळी नव्हती हो!

तिनं विचारलं, "पांढरा काय करतो?"

"सोनबाला टोचतो."

"तांबडा काय करतो?"

"रायबाच्या मागे पळतो."

"आणि सोनबा काय करतो?"

"तांबड्याला दाणे भरवतो."

लोक हसले. "तुरा कसा, डोळे कसे, ते विचारायचं सोडून हे काय?"

ठकी रोज दारात रांगोळी घालायची. तिनं मातीत ठिपके मांडले. एकेका भावाची एकेक ओळ. ओळीत तीन ठिपके, पांढरा, तांबडा, काळा. मग म्हणाली, "टोचायला दोघं लागतात. एक टोचणारा, एक ओय ओय करणारा. म्हणजे सोनबा पांढरा नाही." पुसला ठिपका! "मागे पळायलाही दोघं लागतात. म्हणजे रायबा तांबडा नाही." पुसला! "भरवायलाही दोघं लागतात. म्हणजे सोनबा तांबडाही नाही." तोही पुसला!

सोनबाच्या ओळीत उरला एकच ठिपका, काळा. मग काळा रायबाचा कसा असेल? रायबाला उरला पांढरा. आणि तांबडा आपला गोंदा!

ठकीनं तिन्ही नावं घेतली, आणि काय सांगू! तिघं भाऊ पुन्हा माणसं होऊन उभे राहिले. उभे कसले, दोघंच उभे. रायबा अजून ठकीच्या मांडीवरच होता! तो कधी गोड न बोलणारा रायबा उठला आणि छाती फुगवून साऱ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडला, "बघितलंत? ही माझी बहीण आहे!" ठकीला एवढा अभिमान वाटला, की तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

राक्षसिणीनंसुद्धा ठकीची ओंजळ बोरांनी भरली. मग ती चौघं बोरं खात घरी गेली आणि सुखानं राहिली.

चला, आता पांघरूण ओढून घ्या. भांडायला दोघं लागतात. झोपायला एकटं पुरतं. मिटा डोळे.