घुंगरांखालची कुरकुर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बैल माणसांशी बोलायचे आणि माणसं ऐकूनही न ऐकल्यासारखं करायची. त्यातली दुसरी सवय अजून टिकून आहे, बरं का.

तर डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावात एक गडी होता. त्याला मिरवायची भारी हौस. नवं पागोटं घेतलं, की काम नसलं तरी दिवसभर पारावर बसून राहायचा. गावचा सुतार त्याच्या घरामागेच राहायचा, पण ह्या पठ्ठ्याने नवी बैलगाडी आणली ती लांबच्या बाजारातून. का, तर ती रंगवलेली होती. चाकांवर लाल-पिवळी फुलं, दोन्ही बाजूंना निळे मोर. लाकूड कसलं आहे, हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

गावात शिरताना त्याने मुद्दाम सुताराच्या दारात गाडी थांबवली.

"बघून घे, दादा. गाडी म्हणतात ती ही. तू करतोस ती चाकं लावलेली खाट."

पारावरची माणसं खो-खो हसली. सुतार नुसता म्हणाला, "मोर झाक आहेत," आणि आत गेला.

थोडे दिवस गाडी गुमान चालली. मग एका सकाळी उजव्या चाकातून बारीक आवाज आला. कुर्र. गड्याने वंगण घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, कुर्र कुर्र. पुन्हा वंगण. पण लाकूडच ओलं होतं. रंगाखाली ते सुकत गेलं, आखडत गेलं आणि चाक डुगडुगायला लागलं.

"मालक, उजवं चाक नाचतंय," डावा बैल म्हणाला. "सुताराला दाखवा."

"मी? त्याच्या दारात जाऊ? मी काय बोललो होतो ते ऐकलंस ना?"

"ऐकलं की," उजवा बैल म्हणाला. "खाट म्हणाला होतात. खाटेवर निदान झोप लागते."

गड्याचे कान लाल झाले. तो सुताराकडे गेला नाही, बाजारात गेला आणि बैलांच्या गळ्यात बांधायला घुंगरमाळा घेऊन आला. छुमछुम सुरू झाली, कुरकुर दबली. पुढे चाक जास्त ओरडायला लागलं, तर त्याने शिंगांनाही माळा बांधल्या. मग जुवाला. मग मागच्या दांड्यालाही.

गावाला वाटलं, काय हौस आहे गड्याला. पोरं गाडीमागे नाचायची. गडी वरून हसायचा आणि आतून प्रत्येक खड्ड्याला दचकायचा.

आता त्या गावात एक रीत होती. गावात नवी गाडी आली, की पुढे जी लेक सासरी निघेल तिची पाठवणी त्याच गाडीतून व्हायची. नवी चाकं लाभतात, असं म्हणायचे. आणि निघाली कोण, तर ह्याच गड्याची पुतणी. भाऊ कधीच वारलेला. पोर काकाच्याच अंगाखांद्यावर वाढलेली.

पाठवणीच्या दिवशी त्याने चाकाला हात लावून पाहिला. चाक चांगलंच हललं. जुनी गाडी काढावी, तर लोक विचारतील, नवीला काय झालं? सुताराला सांगावं, तर तो समोरच मांडवात पान खात उभा होता. नुसती हाक मारायची होती. गड्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि आणखी एक माळ बांधली.

"काका, एवढी घुंगरं कशाला?" पुतणीने विचारलं.

"तुझ्यासाठीच, बाय."

डाव्या बैलाने नाकातून जोरात हवा सोडली.

वाटभर ती काही ना काही बोलत होती. त्याला एक अक्षर ऐकू आलं नाही. सासरच्या वेशीपाशी गाडी वळली आणि उजवं चाक निखळून ओढ्यात गेलं. गाडी कलंडली. नवरी चिखलात पडली. हिरवा चुडा फुटला. घुंगरं एकदम गप्प झाली.

सासू भाकरतुकडा ओवाळायला उभी होती. तिचा हात थांबला. नवऱ्याची आत्या म्हणाली, "वेशीतच चुडा फुटला. पोर पांढऱ्या पायाची दिसतीया."

कुजबूज सुरू झाली. पोर चिखलातून उठली, पदर सावरला आणि मान खाली घालून म्हणाली, "चुकलं माझं."

गड्याने ते ऐकलं. तो नुसता गप्प बसला असता तरी सुटला असता. गाडी नवी कोरी, तिला कोण नावं ठेवणार? त्याने बैलांकडे बघितलं. बैलांनी माना फिरवल्या.

त्याने डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं.

"तिच्या पायांना बोल लावू नका. चाक कधीपासून डुगडुगत होतं. मला ठाऊक होतं. सुताराला हसलो होतो, म्हणून त्याच्या दारात जायला लाज वाटली. आवाज दाबायला ही घुंगरं बांधली."

"आणि जाणूनबुजून पोरीला बसवलंस?" आत्या म्हणाली.

"बसवलं."

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. सासू तेवढी हसली नाही. तिने तुकडा ओवाळून टाकला. "चुडा काय, दुसरा भरता येतो. ये पोरी."

पोर घरात गेली. जाताना तिने काकाकडे वळून बघितलं नाही. हसणाऱ्यांपेक्षा त्याला ते लागलं.

निखळलेलं चाक खांद्यावर घेऊन तो चालत गावी आला आणि पारावरून, सगळ्यांच्या देखत, सुताराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"दादा, मला चाकं लावलेली खाट पाहिजे."

सुताराने त्याला जरा वेळ तसंच उभं ठेवलं. मग विचारलं, "मोर काढू का?"

"मोर नको."

दिवाळीला तो पुतणीला माहेरी आणायला गेला. गाडी साधी होती, बैलांचे गळे मोकळे होते. निम्म्या वाटेत ती म्हणाली, "काका, चाक वाजतंय."

"वाजतंय खरं," तो म्हणाला आणि भर रस्त्यात खाली उतरला. "आधी सुताराकडे, मग घरी."

पोर सासरी गेल्यापासून काकाकडे बघून हसली, ती आज पहिल्यांदा. उजवा बैल डाव्याला म्हणाला, "ऐकू यायला लागलं बघ मालकाला."

बोध एवढाच: लाजेपायी आपली चूक झाकली, की तिचा डाग भलत्याच्याच पदराला लागतो.