पुतळीच्या मापाची चोळी

एका राज्यात एक चोळी होती, आणि तिच्यापुढे सारे राज्य मान तुकवीत होते. कपालकेतू नावाच्या जादूगाराने ती सोन्याच्या तारांची केली होती. राज्याभिषेकाला नव्या राणीने ती अंगात घालायची. गाठ बसली तर सिंहासन, न बसली तर जागच्या जागी दगड! आजवर एकीचीही गाठ बसली नव्हती. राजवाड्याच्या चौकात सहा राण्या दगड होऊन उभ्या होत्या, आणि त्यांतली शेवटची म्हणजे राजकन्या रत्नावळीची आई.

बरे, दोष कोणाला? राण्यांना! कोणी म्हणे जाड, कोणी म्हणे उंच. सहा बायका दगड झाल्या, तरी चोळीला बोल लावायची एकाची छाती झाली नाही. कारभार पाहत होते प्रधानजी, आणि त्यांना कसली घाई नव्हती.

रत्नावळीची पाळी आली, तेव्हा प्रधानांनी तिचे ताट अर्धे केले. दायांनी तिच्या सावळ्या अंगाला साय चोळली. गडद रंग तुला शोभत नाहीत, हे ऐकून ऐकून तिला आरशात बघणे नकोसे झाले. एके सकाळी ती आईच्या पुतळ्यापाशी गेली. दगडातही आईने पोट आत ओढून धरले होते. ते पाहून लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तटावर भारद्वाज पक्षी बसला होता. तो म्हणाला, "राजकन्ये, तुझा रंग, तुझे वस्त्र आणि तुझे माप आण. तिन्ही खरोखर तुझी असतील, तर शाप तुटेल."

"कुठे मिळतील?"

"रंगकुंडांवर, नदीपार आणि कपालकेतूच्या घरी."

रंगकुंडांवर यक्षीण पहारा करीत होती. "तुझा रंग उचल," ती म्हणाली. "चुकलीस तर हात इथेच राहील." राजकन्येचा हात सवयीने फिकट गुलाबीकडे वळला, आणि थबकला. हा रंग तिने कधी मागितला होता? लहानपणी करवंदांनी माखलेली बोटे मात्र तिला धुववत नसत. तिने गर्द जांभळ्यात हात बुडवला. सावळा हात असा खुलला, की यक्षिणीने वाट सोडली.

पुढे नदी आडवी आली. "ओझे टाक, नाहीतर बुड," नदी बोलली. जरीचा शालू तळाकडे ओढू लागला, तेव्हा राजकन्येने तो सोडून दिला. पैलतीरावर झाडात जाळे विणणाऱ्या एका कोळ्याने आपल्या सुताचे लुगडे तिच्यासाठी विणले. तिचा हात लागताच ते जांभळे झाले. तिने कासोटा घालून ते नेसले. पाय मोकळे झाले. ती उगीचच धावली, आणि खूप दिवसांनी हसली.

कपालकेतूच्या घरी संगमरवरी पुतळी होती. जादूगाराने दोरी पुढे केली. "आधी हिचे माप घे, मग तुझे. जेवढी जास्त भरशील, तेवढी मी कापून घेईन."

रत्नावळीने पुतळीला दोरी गुंडाळली, आणि सारे तिच्या ध्यानात आले. "सोन्याची चोळी हिच्या मापाची आहे?"

"अर्थात. बायका सारख्या श्वास घेतात. माप हलते. मला कंटाळा येतो."

"तुझ्या कंटाळ्यापायी माझी आई दगड झाली?" ती कडाडली. तिने दोरी स्वतःभोवती घेतली आणि छाती भरून श्वास ओढला. दोरी आपोआप वाढली. "आता काप!" कात्री मिटेना. जादूगाराचे हातच गारठून संगमरवर झाले.

राज्याभिषेकाला ती जांभळ्या लुगड्यात, त्या दोरीवरून शिवलेल्या स्वतःच्या मापाच्या चोळीत आली. प्रधानांनी सोन्याची चोळी पुढे धरली.

"ही पुतळीच्या मापाची आहे, प्रधानजी. तरी आग्रह असेल, तर तुम्ही घाला. गाठ बसली, तर सिंहासन तुमचे."

प्रधान मागे सरले. सहा जणींना हीच चोळी देताना यांचा हात थरथरला नव्हता! राजकन्या सिंहासनावर बसली आणि तिने पोटभर श्वास घेतला. त्याबरोबर सोन्याच्या तारा तटातट तुटल्या. चौकात सहा दगडी छात्या हलल्या, आणि सहाही राण्या श्वास घेत चौथऱ्यांवरून उतरल्या.

दासी आईसाठी दरबारी वस्त्रे घेऊन धावल्या. आईने ती हाताने बाजूला सारली.

"मला पिवळा आवडतो," ती म्हणाली. "आजवर कोणी विचारलेच नाही."

राणी रत्नावळीचा पहिला हुकूम सुटला तो पिवळ्या लुगड्याचा.