पणजोबांचा चौरंग

करंजखेडच्या गायरानावर रंभाजीराव इनामदारांचा डोळा होता. त्यांनी सुताराकडून नवाकोरा नक्षीदार चौरंग करून घेतला, त्याच्या कडा झिजवल्या आणि नक्षीत तेलात कालवलेला काळपट रंग भरून तो जुनापुराणा दिसेल असा केला. मग घाईघाईने तो गावच्या चावडीवर मामलेदारांपुढे मांडला.

"साहेब, राजांनी माझ्या पणजोबांना याच चौरंगावर बसवून गायरान बहाल केलं!"

चौरंग बघून मामलेदारांनी मान डोलावली. गावकऱ्यांची तोंडं उतरली. गायरान गेलं तर गुरं चारायची कुठे?

तेवढ्यात तुळसाक्का गवळण चौरंगाच्या पाया पडायला वाकली. तेलाचा ताजा वास नाकात शिरताच ती गालातल्या गालात हसली.

"इनामदार, एवढ्या मानाच्या आसनावर तुमच्याशिवाय कोण बसणार? पणजोबांसारखे बसा आणि गायरान मागा. आमची ना नाही."

इनामदार चपापले. पण नाही म्हणावं, तर चारचौघांत पणजोबांचा अपमान! ते अंग चोरून कसेबसे टेकले.

"उठा, निकाल ऐका," मामलेदार म्हणाले.

इनामदार उठले आणि सगळी चावडी खदखदून हसली. त्यांच्या शुभ्र धोतरावर मागे चौरंगाची अख्खी नक्षी उमटली होती.

तुळसाक्काने पदर सावरत हात जोडले. "साहेब, पणजोबांचा आशीर्वाद अजून ओलाच आहे. तो वाळेपर्यंत तरी आमची गुरं चरू द्या!"

हसू आवरत मामलेदारांनी गायरान गावाच्याच नावे कायम केलं.