बासनातलं पान

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, तुम्हीसुद्धा ऐका. तेव्हा मुलखावर गोऱ्या साहेबाचं राज्य होतं. एका नदीकाठच्या गावात विणकर मुसलमानांची वस्ती होती आणि सगळ्या वस्तीला मिळून मशीद एकच होती.

त्या मशिदीत भांडण पेटलं ते एका शब्दावरून. नमाजात इमामांचं पठण झालं की मागचे लोक ‘आमीन’ म्हणतात. बहुतेक जण ते मनात म्हणत, वीसेक घरं मात्र मोठ्याने म्हणू लागली. झालं! ठरलेली लग्नं मोडली, येणंजाणं बंद झालं, आणि एका शुक्रवारी तर मशिदीतच हाणामारी झाली. अल्लाच्या घरात हात उचलताना कुणाला लाज वाटली नाही, हे मला अजून खुपतं.

शेवटी मैदानात सर्वांसमक्ष वादसभा घ्यायचं ठरलं. एका बाजूने मशिदीचे म्हातारे इमाम बोलणार, मोठ्याने म्हणणाऱ्यांच्या बाजूने परगावचे एक आलिम, म्हणजे धर्मपंडित. वीस घरं हरली तर त्यांनी मशीद सोडायची, जिंकली तर त्यांना कुणी अडवायचं नाही. जो दाखला देईल त्याने तो ग्रंथात उघडून दाखवायचा, हा नियम. आणि पंच कोण? तर जिल्ह्याचा गोरा साहेब! ज्याला नमाजाची एक ओळ येत नव्हती, तो.

इमाम मोठे जिद्दी. दोन दिवस त्यांनी आलिमांची डाळ शिजू दिली नाही. तिसऱ्या दिवशी आलिम म्हणाले, “मोठ्याने आमीन म्हणणाऱ्याला मशिदीतून काढू नये, असं तुमच्याच पंथाच्या थोर बुजुर्गांनी लिहून ठेवलंय.”

“किताब दाखवा,” साहेब म्हणाला.

आलिमांनी ग्रंथ उघडला आणि त्यांचा चेहरा उतरला. नेमकी तीच पानं वाळवीने खाल्ली होती.

साहेबाने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. “अर्धा तास देतो. पान मिळालं नाही तर तुम्ही हरलात.”

तोच ग्रंथ, उस्तादांनी हाताने उतरवून दिलेला, इमामांच्या मांडीवरच्या बासनात होता. ते पान त्यांना तोंडपाठ होतं. आपण होऊन ते काढायचं नाही, एवढंच त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

त्यांचा हात बासनाकडे जाताना पाहून शेजारी बसलेले वस्तीचे चौधरी कानाशी लागले. “इमामसाहेब, हे काय करताय? दाखला त्यांचा, किताब त्यांनी आणायची. आपण काही नियम मोडत नाही.”

“नियम मोडत नाही, चौधरी. पण वीस घरं बाहेर पडतील.”

“पडू देत! आणि किताब काढलीत, तर शुक्रवारी तुमच्यामागे नमाजाला कोण उभं राहतं ते मी बघतो.”

इमाम घाबरले. चाळीस वर्षांचं इमामपद होतं, त्यावरच घर चालत होतं. समोर त्या वीस घरांची माणसं मान खाली घालून बसली होती. त्यांतल्या कितीतरी जणांच्या कानात, जन्मल्याबरोबर, इमामांनीच बांग दिली होती.

ते उठले, मंचाच्या त्या टोकाला बसलेल्या आलिमांकडे गेले आणि त्यांनी बासन सोडलं. “घ्या. तुम्ही म्हणता ते पान.”

आलिम पाहतच राहिले. “आपण हराल,” ते हळूच म्हणाले.

“हरतो. वाचा, मागच्यांनाही ऐकू जाऊ द्या.”

पान वाचलं गेलं आणि साहेबाने वीस घरांच्या बाजूने निकाल दिला. कुणालाच मशीद सोडावी लागली नाही. इमामांचं इमामपद मात्र गेलं. चौधरी शब्दाला जागले म्हणायचे! शुक्रवारी इमाम येऊन शेवटच्या रांगेत उभे राहिले. लोक कुजबुजले, काहींनी तोंड फिरवलं. पुढच्या शुक्रवारी ते पुन्हा आले, आणि त्याच्या पुढच्याही.

वर्षभराने कब्रस्तानाच्या कुंपणावरून त्याच दोन तटांत तंटा झाला. साहेबाच्या कचेरीत अर्ज द्यायची तयारी सुरू झाली, तेव्हा चौधरीच उठून उभे राहिले.

“साहेब कशाला हवा? स्वतःला हरवणारं पान ज्याने स्वतःच्या हाताने काढून दिलं, त्याला विचारू.”

दोन्ही तटांची माणसं म्हाताऱ्या इमामांच्या दारी गेली. त्यांनी दिलेला निवाडा सगळ्यांनी निमूट मानला.

तात्पर्य: स्वतः हरावं लागलं तरी जो खरं दडवत नाही, त्याच्याच शब्दावर लोक भरवसा ठेवतात.