वूयिंग तळ्यात चेहरा का दिसत नाही

वूयिंग तळ्याच्या पाण्यात समोरचा डोंगर दिसतो, डोंगरावरची देवदाराची झाडे दिसतात, वरून उडत गेलेला करकोचाही दिसतो. पण काठावरून वाकून पाहणाऱ्या माणसाला स्वतःचा चेहरा दिसत नाही. अंगरखा दिसतो, गळ्यातली माळ दिसते आणि मानेच्या वर नुसते आभाळ. चिंगलूचा घाट उतरून येणारे वाटसरू इथे हमखास थांबतात आणि एकदा तरी वाकून पाहतात. काठावरच्या लहानशा देवळाची झाडलोट करणारे बाओ नावाचे वृद्ध गृहस्थ त्यांना आधी पाहू देतात, मग पायरीवर बसवून गरम चहा देतात आणि सांगू लागतात. मी त्यांच्याकडून ऐकलेली हकिकत अशी.

फार पूर्वी चिंगलूच्या राजांचा उन्हाळी महाल या तळ्याच्या उत्तरेला होता. तेव्हा हेंगली नावाचा तरुण राजा गादीवर होता. त्याची राणी लिंग्शू ही उत्तरेच्या खिंडीचे रक्षण करताना पडलेल्या सेनापतीची मुलगी. तिला मामाने वाढवले. हा मामा म्हणजे राज्याचा प्रधान, ग्वो शेंग. लिंग्शूने हेंगलीला प्रथम पाहिले ते चौदाव्या वर्षी. तो घोड्यावरून पडला होता आणि कपडे झटकत स्वतःशीच हसत उठत होता. त्या दिवसानंतर तिच्या मनात दुसरे कोणी आले नाही. आता लग्नाला तीन वर्षे झाली होती. राजा ठरल्या दिवशी तिच्या महालात येई, तब्येतीची चौकशी करी, जेवण वाखाणी. तो तिच्यावर कधी रागावला नाही. तिच्यासमोर तो कधी हसलाही नाही.

मग तानयू आली. ती नकाशे काढणाऱ्याची मुलगी. वडील गेल्यावर त्यांचे काम तिने हाती घेतले होते. सगळ्या राज्याचा नकाशा रेशमावर काढायला राजाने तिला बोलावले आणि महालातले एक मोठे दालन दिले. काम कुठवर आले हे पाहायला तो रोज जाऊ लागला. एका सकाळी लिंग्शू त्या दालनावरून जात असताना पडद्याआडून हसणे ऐकू आले. कोण हसते आहे, हे तिला क्षणभर कळलेच नाही.

त्या दिवसापासून तिला काही गोड लागेना. तानयू फिक्या निळ्या रंगाचे कपडे घालते म्हणून तिने तसेच शिवून घेतले, आणि आरशात पाहून काढून टाकले. तानयूच्या बोटांना सदा शाई लागलेली असे. एकदा लिंग्शूने दार लावून स्वतःची दोन बोटे शाईत बुडवली आणि जेवताना तो हात मुद्दाम राजापुढे धरला. राजाने पाहिले आणि म्हणाला, "दासीला बोलवा. हात मळला आहे तुमचा." लिंग्शूने हात धुतला. पण तेव्हापासून, म्हणे, ती रोज दुपारी एकटी बसून कागदावर डोंगर काढायचा प्रयत्न करी. तो कधीच डोंगरासारखा दिसला नाही.

पुढे तानयूला धाकटी राणी करायचे राजाच्या मनात असल्याची बातमी महालात पसरली. त्याच संध्याकाळी ग्वो शेंग भाचीकडे आला.

"महाराजांच्या फणीतले चार केस मला दे," तो म्हणाला. "बाकीचं मी पाहतो."

"तिचं काय होईल, मामा?"

"दहा दिवसांनी ती इथे नसेल. तुला एवढं कळलं तरी पुरे."

लिंग्शूने केस दिले. मामाला आपली माया आली असे तिला वाटले. खरे कारण वेगळेच होते. उत्तरेच्या खिंडीत ग्वो शेंगने गुपचूप एक किल्ला बांधून सैन्य जमवले होते, आणि तानयूचा नकाशा दिवसेंदिवस उत्तरेकडे सरकत होता.

केस दिल्यावर लिंग्शूला बरे वाटायला हवे होते. तसे झाले नाही. ती मुलगी गेली तरी राजाच्या डोळ्यांतून जाणार नाही, हे तिला कळून चुकले. तो तिला आठवील, आणि आठवणीतली माणसे म्हातारीही होत नाहीत. या विचाराने तिला बसवेना. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, महाल वामकुक्षीत असताना, ती एकटीच या तळ्यावर आली. तळ्यात तेव्हा एक पांढरे कासव राहत असे. ते हजार वर्षांचे होते आणि माणसासारखे बोले, असे सांगतात. मागितलेले ते देई, म्हणूनच लोक त्याच्याकडे जायला घाबरत.

"मला तानयूचा चेहरा हवा," लिंग्शू म्हणाली.

"एक घेतलास तर एक द्यावा लागेल. तुझा तिला जाईल. चेहऱ्याबरोबर आवाजही जातो."

"तीनच दिवस. मग परत करीन. ते तिच्याकडे पाहतात तसं माझ्याकडे पाहिलं तर कसं वाटतं, एवढंच मला कळू दे."

"परत करायला येशील तेव्हा किंमत मी सांगेन," कासव म्हणाले आणि पाण्यात गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना लिंग्शूने आरशात पाहिले तर तानयू तिच्याकडे पाहत होती. तिने साधे कपडे चढवले, मागच्या वाटेने नकाशाचे दालन गाठले आणि हातात कुंचला घेऊन बसली. इकडे तानयू आपल्या खोलीत उठली ती राणीचा चेहरा घेऊन. राणीसाहेब नोकरांच्या खोलीत कशा, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. दासींनी तिच्या अंगावर शाल घातली आणि तिला पालखीतून राणीच्या महालात नेऊन बसवले. खरे सांगून कोणी विश्वास ठेवणार नाही, हे ओळखून तानयू गप्प राहिली.

राजा दालनात आला आणि लिंग्शूकडे पाहून हसला. ज्यासाठी ती इतकी वर्षे झुरली ते तिच्या पुढ्यात होते. तो जमिनीवर मांडी घालून बसला, लहानपणीच्या खोड्या सांगू लागला, संत्रे सोलून त्याच्या फोडी तिच्या हातावर ठेवू लागला. दुपारपर्यंत ती सुखात होती. मग तिच्या ध्यानात आले की तो बोलतो आहे तो या चेहऱ्याशी. ज्या गालांवर त्याची नजर फिरत होती ते तिचे नव्हते. आपल्याच अंगावर बसलेल्या चेहऱ्याचा तिला हेवा वाटू लागला. तो ओरबाडून काढावा असे तिला झाले.

दुसऱ्या दिवशी तिने वेगळीच आस धरली. याने ओळखावे. हिला कुंचला धरता येत नाही, ही तानयू नव्हे, एवढे तरी याच्या लक्षात यावे. तिने नदी डोंगरावर चढवली. राजा म्हणाला, "सुरेख." मग तो म्हणाला, "लिंग्शूसमोर मी सतत परीक्षेला बसल्यासारखा असतो. तुझ्याजवळ तसं होत नाही." लिंग्शूने मान खाली घातली आणि शाई घोटत राहिली.

राणीच्या महालात तानयूला गादीखाली कागदांचा गठ्ठा सापडला. शंभरएक कागद, आणि प्रत्येकावर तोच वेडावाकडा डोंगर. ती कितीतरी वेळ ते पाहत बसली. त्याच दिवशी ग्वो शेंग तिथे आला. तिला आपली भाची समजून तो हलक्या आवाजात म्हणाला, "दहा दिवस थांबायचं कारण नाही. तू दिलेल्या केसांची बाहुली तिच्या शाईच्या पेटीत ठेवली आहे. उद्या सापडेल."

तिसऱ्या दिवशी ती सापडली. राजावर करणी केल्याच्या आरोपाखाली शिपायांनी तानयूच्या चेहऱ्याच्या लिंग्शूला दोरीने बांधले. मी राणी आहे, असे ती सांगत होती. शिपाई हसले. प्रधान समोर आला तेव्हा ती म्हणाली, "मामा, मी लिंग्शू. फणीतले केस मी दिले होते तुला, संध्याकाळी, माझ्या हाताने. हे दुसऱ्या कोणाला माहीत आहे?"

ग्वो शेंगचा चेहरा उतरला. त्याला पटले होते. तो तिच्या कानाजवळ वाकला. "मग तर तू बोलता कामा नये," तो म्हणाला, आणि त्याने शिपायांना तिच्या तोंडात बोळा कोंबायला सांगितले.

दरबार भरला. राजाने बाहुली पाहिली आणि पुढे दोरीत बांधलेल्या मुलीकडे पाहिलेही नाही. करणीला मृत्युदंड होता. राणीच्या आसनावर तानयू बसली होती. ती गप्प बसली असती तर राणीपद तिचे, राजा तिचा; कोणाला कधी कळले नसते. राजाने शिक्षा सुनावण्यासाठी हात वर केला तेव्हा ती उठली.

"ते केस मी दिले," राणीच्या आवाजात ती म्हणाली. "प्रधानांनी मागितले म्हणून दिले. बाहुली त्यांनी ठेवली. का ठेवली ते नकाशात दिसेल. उत्तरेच्या खिंडीत एक नवा किल्ला आहे. तो कोणाचा, त्यांना विचारा."

नकाशा आणला. चेहरा बदलण्याआधीच तानयूने पाहणीच्या टिपणांवरून किल्ल्याची जागा बारीक रेषांनी दाखवलेली होती. ग्वो शेंग दाराकडे वळला. पहारेकऱ्यांनी त्याला तिथेच धरले.

भर दरबारात स्वतःचा गुन्हा कबूल करणाऱ्या राणीकडे राजा थक्क होऊन पाहत राहिला. आणि असे सांगतात की, दोरीत बांधलेल्या, मरणातून नुकत्याच सुटलेल्या लिंग्शूच्या मनात त्या क्षणीसुद्धा मत्सर पेटला. तिच्या चेहऱ्याकडे राजाने पहिल्यांदा असे पाहिले होते, आणि ती नजर दुसरीच घेत होती.

तोंडातला बोळा निघताच लिंग्शूने कासवाची गोष्ट सांगितली, आणि दोघी मिळून तळ्यावर आल्या. मागोमाग राजा आणि अर्धा दरबार आला. कासव वर आले आणि किंमत सांगितली. "चेहरे परत मिळतील, पण ते तुमचे तुम्हाला पुन्हा दिसणार नाहीत. आरशात नाही, पाण्यात नाही. आणि माझ्या या पाण्यात कोणालाच स्वतःचा चेहरा दिसणार नाही. दुसऱ्याचा चेहरा मागायला आता इथे कोणी यायला नको." दोघींनी पाण्यात हात बुडवून तोंड धुतले. मान वर केली तेव्हा जिचा चेहरा तिच्याकडे होता. कासव मात्र कोणाला पुन्हा दिसले नाही.

राजा तानयूकडे वळला. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"महाराज, दोन दिवस ती तुमच्यासमोर बसली होती," तानयू म्हणाली. "तिने नदी डोंगरावर चढवली."

तानयूने डोक्यावरचा राणीचा मुकुट काढून लिंग्शूला दिला; लिंग्शूने तो पायरीवर ठेवला आणि शिक्षा मागितली. ती द्यायला राजाची जीभ उचलेना. त्या वर्षी दरबार लवकर परतला आणि उन्हाळी महाल पुन्हा उघडला गेला नाही. तानयू नकाशा पुरा करायला इथेच राहिली. लिंग्शूला जायला घर नव्हते, तीही राहिली. दोघींची खोपटी शंभर पावलांवर, पण बोलणे नव्हते.

एके सकाळी लिंग्शू फणी घेऊन तानयूच्या दारात उभी राहिली.

"माझा भांग सरळ आहे का?"

"नाही," तानयू म्हणाली. तिने कुंचला ठेवला, लिंग्शूला उंबऱ्यावर बसवले आणि केस सोडले.

थोड्या वेळाने लिंग्शू म्हणाली, "मला अजून तुझा हेवा वाटतो. वाटलं होतं जाईल. गेला नाही."

"कशाकशाचा वाटतो ते सांग," तानयू म्हणाली. "मी ऐकते आहे. फक्त मान हलवू नकोस."

आजही या खोऱ्यातली नवरी लग्नाच्या दिवशी आरसा पाहत नाही. तिला सकाळी या पायऱ्यांवर आणतात, आणि जिचा तिला जन्मभर हेवा वाटला त्या बाईला तिची वेणी घालायला बोलावतात. हेवा कशाचा, ते नवरीने मोठ्याने सांगायचे, आणि दुसरीने हात न थांबवता ऐकायचे. जवळ तिसरे कोणी थांबत नाही.

बाओ म्हणाले, "माझ्या बायकोने तिच्या धाकट्या बहिणीला बोलावलं होतं. मी वरात घेऊन खाली उभा. ऊन डोक्यावर आलं, वाजंत्री झाडाखाली झोपले, तरी दोघी उठेनात. शेवटी आल्या तेव्हा दोघींचे डोळे सुजलेले, आणि वेणी अशी घट्ट की तीन दिवस सुटली नाही. काय बोलल्या ते पन्नास वर्षांत तिने मला सांगितलेलं नाही. बहीण मात्र दर महिन्याला घाट चढून येते, आणि आली की दोघी मला बाहेर पाठवतात."