हेडने लपवलेला बाक

ही गोष्ट मी सांगायची नव्हती, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

फार पूर्वी इंजिनाचे भाग माणसांशी बोलत. एका जीपच्या इंजिनात खाली ब्लॉक होता, वर हेड होतं आणि दोघांमध्ये दबून गॅस्केट बसायची. जाळ, तेल आणि पाणी एकमेकांत मिसळू न देणं हे तिचं काम.

एकदा घाटात इंजिन तापलं आणि हेडला किंचित बाक आला. हेडला ते कळलं, पण लाजेने ते गप्प राहिलं. गॅस्केट फुटली. सुलेमान मिस्त्रींनी घाईत, हेड सपाट आहे का हे त्यावर सरळ पोलादी पट्टी लावून न बघताच नवी बसवली. आठ दिवसांत तीही फुटली.

"मालच भिकार," म्हणत मिस्त्रींनी तिला भंगारात टाकलं. हेड तेव्हाही काही बोललं नाही.

मग तिसरी आली. "हेडदादा, माझ्या आधीच्या दोघींचं काय चुकलं हो?" तिने विचारलं. "मी तसं करणार नाही."

हेडला तिच्याकडे बघवेना.

"आता तरी बोल," ब्लॉक खालून पुटपुटला. "का हिलाही भंगारात धाडणार आहेस?"

मिस्त्रींनी हेड बसवायला उचललं.

"थांबा मिस्त्री," हेड हळूच म्हणालं. "आधी पट्टी लावून बघा. त्या दोघींचं काहीच चुकलं नव्हतं."

मिस्त्रींनी पट्टी लावली. पट्टीखालून उजेड दिसला. मग त्यांनीही मान खाली घातली, कारण पट्टी तर त्यांनी पहिल्याच दिवशी

आत्या हाक मारतेय. आले हं.